अकरा सेकंदांची फुकट वीज

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गुड मॉर्निंग, हरवलेल्या चाव्या आणि पार्किंगची भांडणं ह्यांच्या मधोमध दर दोन-तीन महिन्यांनी तो व्हिडिओ येतोच. एक मोटर, तिला पट्ट्याने जोडलेलं जाडजूड चाक म्हणजे फ्लायव्हील, चाकाला जोडलेला एक जनरेटर, मग एक माणूस जनरेटरची वायर त्याच मोटरला जोडतो, मेन लाइनची पिन काढून कॅमेऱ्यासमोर हलवून दाखवतो आणि मोटर आपली फिरतेच आहे, वर चार बल्बपण लागलेत. मी इतकी वर्षं बघून सोडून द्यायचो. ह्या वेळी तो टाकला आमच्या सेक्रेटरी काकांनी आणि खाली लिहिलं, "आपला पंप असा चालवता येईल का? कॉमन मीटरचं बिल बघा जरा." आणि मला टॅग केलं.

मला टॅग करायचं कारण म्हणजे आमचं परळला मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, बाबांनी टाकलेलं, आता मी बघतो. वार्निशचा वास आणि तांब्याच्या तारेची भेंडोळी ह्यातच लहानपण गेलं. भांडुपला राहायला आल्यापासून सोसायटीचा पंप बसला की रात्री दहाला बेल माझ्याच दाराची वाजते.

काका बँकेत कॅशियर होते, दिवसअखेर दोन रुपयांचा फरक निघाला तरी घरी न जाणारा माणूस. अशा माणसाला फुकट विजेचा व्हिडिओ पटतो म्हटल्यावर मला आधी हसू आलं, पण नंतर वाटलं की प्रश्न तसा वेडगळ नाहीच आहे. मोटरला वीज दिली की ती फिरते. तीच मोटर बाहेरून फिरवली की तिच्यातून वीज येते. दोन्ही गोष्टी शंभर टक्के खऱ्या आहेत. मग एकीचं शेपूट दुसरीच्या तोंडात दिलं तर काय बिघडलं?

मी स्वतः सातवीत असताना हेच केलं होतं. खेळण्यातल्या दोन मोटरी, मधे सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी, वायरी एकमेकींना पिळलेल्या. बोटाने गरकन फिरवलं की दीड चक्कर होऊन ठप्प. मला वाटलं मोटरी स्वस्तातल्या आहेत म्हणून. बाबा हसले नाहीत, ओरडले पण नाहीत. त्यांनी दुकानातली गाडीच्या रेडिएटर फॅनची मोटर काढली, आत कायमचं चुंबक असलेली, आणि म्हणाले शाफ्ट फिरव. फिरवला, मस्त सैल फिरत होता. मग त्यांनी तिच्या दोन वायरींची टोकं एकमेकींना पिळली, बॅटरी नाही काही नाही, नुसती टोकं जोडली, आणि म्हणाले आता फिरव. शाफ्ट एकदम जड, जसा कोणी आतून मधात बुडवलाय. टोकं सोडली, परत सैल.

"आता सांग, आत कोण अडवतंय?"

हे कोणीही घरी करून बघू शकतो आणि माझ्या मते ह्या विषयावरच्या शंभर व्हिडिओंपेक्षा हे दोन मिनिटांचं काम जास्त शिकवतं. टोकं सुटी असतात तेव्हा शाफ्ट फिरवला की व्होल्टेज तयार होतं पण करंटला जायला रस्ता नसतो. टोकं जोडली की करंट वाहतो, आणि करंट वाहिला की आतली तारेची गुंडाळी, म्हणजे कॉइल, स्वतःच चुंबक होते, आणि हे नवं चुंबक नेहमी, कायम, न चुकता तुमच्या हाताच्या उलट्या दिशेला जोर लावतं. तुम्ही उजवीकडे फिरवा, ते डावीकडे ओढणार. तुम्ही डावीकडे, ते उजवीकडे. फिरत्या चुंबकातून वीज काढायची वाट फॅरडे ह्या शास्त्रज्ञाने १८३१ ला दाखवली आणि ती नेहमी उलटीच ओढते हे लेंझ नावाच्या दुसऱ्या शास्त्रज्ञाने १८३४ मध्ये नियम म्हणून मांडलं. गंमत म्हणजे ह्याच फॅरडेने त्याच्या दहा वर्षं आधी, १८२१ मध्ये, पाऱ्याच्या वाटीत तार चुंबकाभोवती गोल फिरवून दाखवली होती, म्हणजे मोटरची पहिली आजी. पोरवयात बुकबाइंडरकडे उमेदवारी केलेला माणूस, आणि मोटर पण त्याची, जनरेटर पण त्याचाच. दोन्ही एकत्र जोडून आपण फुकट वीज काढू हे त्याला सुचलं नसेल असं वाटतं का तुम्हाला?

आणि समजा हा जोर उलटा नसता, तुमच्याच दिशेने असता. मग टेबल फॅनच्या पात्याला बोटाने हलकं ढकललं की वीज तयार होणार, ती वीज पात्याला अजून ढकलणार, त्याने अजून वीज, अजून जोर, आणि पाच मिनिटांत फॅन खिडकीतून बाहेर. असं जग असतं तर माझं दुकान कधीच बंद झालं असतं.

आता खरी गोष्ट, जी व्हिडिओवाल्यांना कळत नाही किंवा कळून सांगायची नसते. लोक विचारतात मोटर स्वतःची वीज का बनवत नाही. अहो बनवते ना! चालू असलेली प्रत्येक मोटर त्याच क्षणी जनरेटर पण असते. कॉइल चुंबकात फिरतेय म्हटल्यावर व्होल्टेज तयार होणारच, ती कॉइल तुम्ही फिरवा नाहीतर लाइनची वीज फिरवो. पण हे व्होल्टेज लाइनच्या विरुद्ध तोंड करून उभं असतं. पुस्तकात ह्याला बॅक ईएमएफ म्हणतात, बाबा त्याला उलटा मार म्हणायचे. लाइन आत ढकलते २३०, आतून उलटा मार येतो समजा २१०, मग मोटरमध्ये करंट घुसतो तो मधल्या वीसच्या जोरावर. एसी मोटरचा हिशोब एवढा सरळ वजाबाकीचा नसतो पण तत्त्व तेच.

हे तुम्ही रोज बघता. पंप सुरू झाला की जिन्यातला बल्ब क्षणभर बारीक होतो, बरोबर? स्टार्टर दाबला तेव्हा मोटर उभी असते, फिरत नाही, म्हणजे उलटा मार शून्य, म्हणून ती पहिल्या झटक्याला नेहमीच्या पाच-सात पट करंट ओढते. वेग घेतला की उलटा मार येतो आणि करंट खाली येतो. आणि पंपात चिंधी अडकली किंवा सुरुवातीचा धक्का देणारा कपॅसिटर गेला की मोटर नुसती घूं करत उभी राहते, फिरत नाही, उलटा मार येत नाही, करंट खाली उतरतच नाही, आणि दहा मिनिटांत जळका वास. माझ्या दुकानात येणाऱ्या निम्म्या मोटरी अशाच जळलेल्या असतात. म्हणजे मोटर स्वतःची वीज बनवते म्हणूनच ती जिवंत राहते, फक्त ती वीज तिला पळवायला नाही, अडवायला असते. लोड वाढला की मोटर जरा दमते, वेग कमी होतो, उलटा मार कमी होतो, लगेच लाइनमधून जास्त करंट आत येतो. जेवढं काम तेवढीच मागणी. इतका चोख हिशोब काकांच्या बँकेत पण नसेल.

सोसायटीच्या पंपावर जी पत्र्याची प्लेट असते तिच्यावर २८८० आरपीएम, म्हणजे मिनिटाला फेऱ्या, लिहिलेलं असतं. कधी विचार केलाय की सरळ ३००० का नाही? आपली लाइन ५० हर्ट्झची, त्यामुळे त्या मोटरच्या आत चुंबकाचं जे फिरतं चक्र तयार होतं ते मिनिटाला बरोबर ३००० फेऱ्या मारतं. पण आतल्या फिरणाऱ्या भागाला, म्हणजे रोटरला, वायर जोडलेलीच नसते, त्याच्यात करंट येतो तो फक्त ह्या फरकामुळे, चक्र पुढे आणि रोटर जरा मागे. दोघं बरोबरीने धावले तर फरक संपला, करंट संपला, जोर संपला. म्हणून मोटर १२० फेऱ्या मागेच राहणार. तिलाच कोणीतरी बाहेरून ढकलून ३००० च्या पलीकडे नेलं तर तीच मोटर लाइनला वीज परत द्यायला लागते, हे पण खरं आहे. पण ढकलणार कोण? तिला तीच ढकलणार असेल तर माणसाने स्वतःच्या खांद्यावर चढून लोकलच्या रॅकवरची बॅग काढावी तसं झालं.

हे सगळं मी काकांना पंपाच्या खोलीत उभं राहून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुझं बरोबर असेल रे, पण त्या व्हिडिओत फ्लायव्हील होतं. ते तू धरलंच नाहीस."

मग काय, रविवारी दुकानात बोलावलं त्यांना. गिऱ्हाईक घेऊन न गेलेला एक ३ केव्हीएचा अल्टरनेटर, म्हणजे जनरेटरच, पडून होता, दोन हॉर्सपॉवरची मोटर होती, कुर्ल्याच्या भंगारातून पंचवीस किलोचं फ्लायव्हील मिळालं. पट्टे चढवले, मधे वॅटमीटर लावला, बाहेर २०० वॅटचे पाच बल्ब, आणि लाइन की अल्टरनेटर असा चेंजओव्हर स्विच. काका वही-पेन घेऊन स्टुलावर बसले.

बल्ब एकही नाही, नुसतं सगळं फिरतंय, मीटर ५०० वॅट. "काहीच काम करत नाही तरी पाचशे?" होय, पट्टे घासतात, बेअरिंग घासतात, पंखा हवा कापतो, लोखंड आणि तांबं तापतं. एक बल्ब लावला, मीटर ७७०. काकांनी लगेच पकडलं, "बल्ब दोनशेचा, वाढले दोनशे सत्तर. सत्तर कुठे गेले?" मी म्हटलं मोटरवर हात ठेवा. ठेवला आणि पटकन उचलला. पाचही बल्ब लावले तेव्हा मीटर १८५० आणि मोटरचा आवाज इतका खाली उतरला की शेजारच्या चहावाल्याने डोकावून बघितलं. १८५० आत, १००० बाहेर. मोटर रुपयामागे चार आण्याची खोट खाणार, पट्टा थोडी, अल्टरनेटर परत चार आण्याच्या आसपास. चांगल्यातली चांगली मशिनं आणली, दोन्ही ९५ टक्केवाली, तरी शंभराचे नव्वदच हातात येतात, आणि मोटरला तर शंभरच पाहिजेत.

"मग पुली मोठी लावली तर? वेग वाढेल." हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं आणि कॅशियरसाठी ह्याचं उत्तर सोपं आहे. पाचशेची एक नोट देऊन शंभराच्या पाच घेतल्या तर नोटा वाढल्या, पैसे वाढले का? वेग वाढला की जोर तेवढाच कमी होतो. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज चढवा, अँपिअर उतरतात. व्हिडिओवाले मल्टिमीटरवर २३० दाखवून टाळ्या घेतात, पण लोड नसताना २३० दाखवायला काय जातंय, लोड लावून वॅट दाखव ना. आणि सुट्टे करून देणारा प्रत्येक वेळी कमिशन कापतो, तो हिशोब वेगळाच.

मग शेवटचा प्रयोग. एक बल्ब चालू ठेवून मी चेंजओव्हर पलटवला, आता मोटर अल्टरनेटरच्याच विजेवर. मोटर फिरत राहिली! काकांचे डोळे मोठे झाले, खरंच सांगतो. चार सेकंद सगळं छान, मग बल्ब पिवळा, मग लाल, मग नुसती तार दिसायला लागली, मग तीही नाही. चाक त्यानंतरही गपचूप फिरत होतं. काकांनी वहीत लिहिलं, ११ सेकंद. फ्लायव्हील म्हणजे डबा आहे, त्यात आधी भरलेलं तेवढंच निघतं. त्या पंचवीस किलोच्या चाकात १४४० च्या वेगाला साधारण नऊ हजार ज्यूल साठतात, ऐकायला दणदणीत, पण एक युनिट म्हणजे छत्तीस लाख ज्यूल.

व्हिडिओतली मोटर बंद का पडत नाही? कारण टेबलाच्या पायातून दुसरी वायर आलेली असते किंवा खाली बॅटरी-इन्व्हर्टर असतो, अजून काय. आणि कृपा करून दोन्ही बाजूंना पिन असलेली वायर घरी बनवू नका, उघड्या पिनेला जिवंत वीज असते, त्यात माणूस जातो.

ग्रुपवर तोपर्यंत एकाने लिहिलं होतं की आपल्या भास्कराचार्यांनी आपोआप फिरणारं चाक आठशे-नऊशे वर्षांपूर्वीच सांगितलंय. सांगितलंय, खरं आहे, त्यांच्या सिद्धान्तशिरोमणी ह्या ग्रंथात पोकळ आऱ्यांत अर्धा पारा भरलेल्या चाकाचं वर्णन आहे. ते फिरत नाही एवढंच. त्याने त्यांचं गणित कमी होत नाही. युरोपात पण ह्या चाकाच्या नादाला शेकडो लोक लागले, शेवटी १७७५ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीने सांगून टाकलं की असले अर्ज आम्ही तपासणारच नाही.

काकांनी मोटर-अल्टरनेटर सोडला, पण पाठोपाठ दुसरी आयडिया आणली. गच्चीवरच्या टाकीतून पाणी खाली येतंच ना, मग त्या पाइपात छोटी टर्बाइन लावू. ह्याचं मात्र मी त्यांनाच गणित घालायला लावलं. टाकी वीस हजार लिटरची, खालच्या टाकीपासून उंची ३० मीटर. वीस हजार किलो गुणिले ९.८ गुणिले ३०, झाले अठ्ठावन्न लाख ऐंशी हजार ज्यूल, म्हणजे जेमतेम १.६ युनिट. तेवढं पाणी चढवायला आपला पंप खातो चारच्या आसपास. उतरताना टर्बाइनने निम्मं पकडलं तर ०.८. चार द्या, ०.८ घ्या, आणि वर नळाला प्रेशर नाही म्हणून दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या शिव्या.

पण आयडिया म्हणून ती खोटी नाही हे पण त्यांना सांगितलं. घाटघरला सह्याद्रीच्या कड्यावर एक धरण आणि खाली पायथ्याला दुसरं, २५० मेगावॅटचं केंद्र, तिथे हेच करतात. विजेची मागणी कमी असते तेव्हा तेच मशिन मोटर होऊन पाणी वर चढवतं, मागणी वाढली की तेच जनरेटर होऊन पाणी खाली सोडताना वीज देतं. अशा केंद्रात साधारण चार युनिट घातले तर तीन परत येतात, आणि हे माहीत असूनच ते चालवतात, कारण संध्याकाळच्या तीनची किंमत रात्रीच्या चारपेक्षा जास्त असते. बँकवाल्याला हे लगेच पटलं. १९१५ पासून खोपोलीहून मुंबईच्या गिरण्यांना वीज आली ती मात्र वेगळी, तिथे लोणावळ्याच्या तलावांत पाणी वर चढवायचं काम पावसानेच करून ठेवलेलं असतं, म्हणजे मुळात सूर्याने. पंप त्याचा, बिल आपल्याला नाही.

लोकलचं पण तसंच. ब्रेक लागताना तिच्या मोटरी जनरेटर होतात आणि वर पेंटोग्राफमधून २५ हजार व्होल्टच्या वायरीत वीज परत जाते, मागून येणारी लोकल ती खाते. पण ती वीज कुठून आली? ठाण्याहून निघताना ह्याच वायरीतून घेतलेली, मुलुंडला थांबताना त्यातली थोडी परत. उसने घेतलेले शंभर, परत दिले तीस-चाळीस, तरी रेल्वे खूश, कारण आधी ते सगळे ब्रेक तापवण्यातच जायचे.

इथे हा विषय संपला असं मला वाटलं होतं. पंधरा दिवसांनी रात्री साडेअकराला फोन. काका, आणि आवाजात एवढा आनंद की मला वाटलं नातू झाला.

"अरे लगेच खाली ये! पंप बंद आहे, स्टार्टर ऑफ आहे, मी स्वतः मेन स्विच पाडलाय, आणि मोटर फिरतेय!"

चप्पल घालून उतरलो. खरंच फिरत होती. लाल दिवा विझलेला, स्विच खाली, आणि मोटरचा मागचा पंखा आपला सुर्रर्र करत फिरतोय. दोन सेकंद मी पण चक्रावलो हे कबूल करतो. मग टॉर्च मारून बघितलं तर पंखा उलटा फिरत होता, आणि खालच्या टाकीत पाणी पडल्याचा आवाज येत होता. पाइपावरचा, पाणी परत खाली येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह अडकलेला, झडप अर्धी उघडीच राहिली होती. रोज रात्री पंप बंद झाला की गच्चीवरचं पाणी त्याच पाइपातून हळूहळू परत खाली, जाता जाता पंपाला उलटं फिरवत, आणि पहाटे टाकी रिकामी म्हणून पंप परत चालू. दोन महिने आम्ही भांडुपला स्वतःचं घाटघर चालवत होतो, फक्त वीज न काढता. कॉमन मीटरचं बिल का वाढलं होतं ते काकांना त्याच क्षणी कळलं, चेहरा बघण्यासारखा होता.

दुसऱ्या दिवशी व्हॉल्व्ह बदलला. मी पाना पुसत होतो आणि काका अजून त्या मोटरकडेच बघत उभे.

"एक विचारू? ती उलटी फिरत होती तेव्हा तिला वायर लावली असती, तर वीज आली असती का?"

कपॅसिटर नीट बसवले असते आणि पाण्याला तेवढा जोर असता, तर थोडी आली असती. हो म्हणावं लागलं. आपल्याच चार युनिटांतली उरलीसुरली, पण आली असती.

"किती?" काकांनी खिशातून वही काढली.